दादाचं खाली उतरणं

माझा दादा टॉवर क्रेन चालवतो. सकाळी सातला दीडशे पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून तो वरच्या केबिनमध्ये बसला की संध्याकाळी पाचलाच खाली यायचा. डबा वरच खायचा. आणि या दहा तासांत एकदाही लघवीला जायचा नाही. बाकीचे ऑपरेटर वर बाटली नेतात, हे सगळ्या साइटला माहीत असतं. दादाला त्यात कमीपणा वाटायचा. म्हणून तो दुपारपर्यंत पाण्याला शिवायचा नाही आणि उरलेला दिवस नुसत्या हट्टावर काढायचा. साइटवर त्याला सगळे 'धरण' म्हणत.

ते नाव घरात आणलं मी. मी त्याची धाकटी बहीण. दादा-वहिनीच्या खालच्याच मजल्यावर राहते, शाळेचे गणवेश शिवते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी एकदा बसच्या नऊ तासांच्या प्रवासात सगळे दर थांब्याला उतरत होते आणि दादा मात्र खिडकीशी ढिम्म बसून होता, ही गोष्ट मी आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. सगळे हसायचे, दादाही मिशीत हसायचा. दादाची लेक, माझी भाची, मांडीवर बसून सगळं ऐकायची, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

भाचीला आम्ही मुंगी म्हणतो. तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती, अंगाने बारीक आणि सदा लगबगीत. त्या वर्षात तिला लघवीचं इन्फेक्शन तिसऱ्यांदा झालं. पहिल्या वेळी औषधाने आठवड्यात बरं वाटलं आणि आम्ही विसरून गेलो. दुसऱ्या वेळी एकमेकांवर ढकलून झालं. मी वहिनीच्या साबणाला नावं ठेवली, वहिनीने शाळेच्या बाथरूमला. तिसऱ्या वेळी थंडी वाजून असा ताप चढला की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. लघवीला गेली की ती भिंत धरून रडायची. ते ऐकवत नव्हतं.

नंतरच्या तपासणीत डाव्या किडनीवर एक लहानसा व्रण दिसला. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. हा व्रण आता जाणार नाही, म्हणाल्या, आणि असं दुखणं पुन्हा झालं तर त्यात भर पडू शकते. औषध मी देईन, पण हे दुखणं पुन्हा होऊ न देणं तुमच्या हातात आहे. मग त्यांनी विचारलं, ही दिवसातून किती वेळा लघवीला जाते? वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. जात असेल की चार-पाच वेळा, असं काहीतरी मी पुटपुटले. बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि तीन दिवस प्रत्येक वेळ लिहून आणायला सांगितली.

कागदावर रोज सकाळचे सात आणि त्यानंतर थेट दुपारचे साडेतीन आले. मधले साडेआठ तास कोरे. वहिनी तणतणत शाळेत गेली, तर तिथलं बाथरूम आमच्यापेक्षा स्वच्छ निघालं. शिक्षिका म्हणाल्या, मी रोज विचारते, ही नकारार्थी मान हलवते. पाण्याची बाटली मात्र रोज गॅलरीतल्या कुंड्यांत ओतते. आम्हाला वाटलं हिला झाडांची आवड आहे, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दादाने मुंगीला समोर बसवलं आणि न रागावता विचारलं, तू शाळेत जात का नाहीस?

"तू तरी कुठे जातोस?" मुंगी म्हणाली. "आत्या म्हणते तू धरण आहेस. मी छोटं धरण आहे."

तिने ते इतक्या अभिमानाने सांगितलं की मला स्वतःची जीभ कापून टाकावीशी वाटली. खाण तशी माती म्हणतात, पण इथे ती माती कालवायला मीही बसले होते.

दादाने तिला समजावलं. लघवी आत साठून राहिली की त्यात जंतू वाढतात, पाणी प्यायलं आणि वेळेवर गेलं की ते वाहून जातात. मुंगीने शहाण्यासारखी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा सात आणि साडेतीन. पालथ्या घड्यावर पाणी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि आमचा पाषाण तर अक्षरशः कोरडा.

दादाला ते माझ्याआधी कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुंगीसमोर दोन पेले पाणी पिऊन दाखवलं. तिच्या वर्गाच्या खिडकीतून क्रेन दिसत असे.

"मी दहाला आणि साडेबाराला खाली उतरणार," तो म्हणाला. "क्रेन थांबलेली दिसली की समज, बाबा निघाला. मग तूही उठायचं."

"आणि मी नाही उठले तर?"

"तर मी एकटाच जाणार. पण मी जाणार."

मुंगी उठली. शिक्षिकेलाही बेत सांगून ठेवला होता. दुपारी त्यांनी कागदाच्या मागे स्वतः लिहून पाठवलं, दहा पाच आणि बारा पस्तीस.

बाकीची कामं आम्ही वाटून घेतली. संडासात बसल्यावर मुंगीचे पाय लोंबकळायचे, म्हणून दादाने साइटवरच्या टाकाऊ फळीचा ठोकळा करून पायाखाली ठेवला. पाय टेकवून निवांत बसायचं, पळायची घाई करायची नाही, आणि झाल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा एकदा बसून बघायचं. धुताना-पुसताना हात पुढून मागे न्यायचा, हे वहिनीने शिकवलं. पोट साफ झालं नाही तरी लघवी पुरती होत नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितल्यापासून वहिनी भाज्या आणि फळं घेऊन तिच्या मागे हात धुऊन लागली. मी तिच्या गणवेशाची मागची सहा बटणं काढून कमरेला इलॅस्टिक घातलं. ती बटणंही मीच हौसेने लावली होती.

दादाला हे सोपं गेलं नाही. रोज दोनदा जादा उतरणं-चढणं, पन्नाशीकडे झुकलेले गुडघे. खाली आला की कुणीतरी म्हणायचंच, धरणाला गळती लागली. तो म्हणायचा, लागली, दिवसातून दोनदा लागते, लिहून ठेवा.

मग स्लॅबचा दिवस आला. काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि साडेबारा वाजले. मुकादमाने वॉकी-टॉकीवरून बजावलं, आज उतरायचं नाही. खालून क्रेनला इशारे करणारा माणूस माझ्याकडे उसवलेली पँट शिवून घ्यायला येतो, त्याने मला हे जसंच्या तसं सांगितलं.

"हातातली काँक्रीटची बादली रिकामी करतो आणि उतरतो, मुकादम," दादा म्हणाला. "क्रेन थांबली नाही तर शाळेत माझी पोरगी उठणार नाही. तिची किडनी एकदा दुखावली आहे."

उद्यापासून दुसरा माणूस बघतो, असं मुकादम म्हणाला. बघा, म्हणून दादा उतरला. वीस मिनिटांत पुन्हा वर होता आणि स्लॅब त्याच दिवशी पुरा झाला. दुसरा माणूस काही आला नाही. मुकादमाने आठवडाभर दादाशी अबोला धरला, पण वेळापत्रकात दहा आणि साडेबारा या वेळा मोकळ्या सोडल्या. मग बाकीचे ऑपरेटरही उतरू लागले. मला भाऊ आवडतोच, पण त्या आठवड्यात मला त्याचा अभिमान वाटला.

सव्वा वर्ष गेलं. मध्ये एकदा ताप आला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लघवी तपासली, ती स्वच्छ होती. नुसती सर्दी निघाली. व्रण होता तेवढाच राहिला.

आणि इमारत पुरी झाली. क्रेनचे तुकडे करून ट्रकवर चढवले आणि दादाची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली. शाळेच्या खिडकीतून आता नुसतं आभाळ दिसणार होतं. दादा दोन दिवस नीट जेवला नाही. मी शिक्षिकेला सांगून ठेवू का, असं विचारलं, तर नको म्हणाला. किती दिवस दुसऱ्याने उठवायचं, म्हणाला, ती आपणहून उठते का, एकदा कळू दे.

त्या पहिल्या दिवशी मी मशीनवर बसले, पण एक शिवण सरळ आली नाही. मुंगी घरी आली तेव्हा वहिनीने तिला दूध दिलं आणि विचारायचं काम दादावर सोडलं. दादा संध्याकाळी आला, हेल्मेटसकट दारातच गुडघ्यांवर बसला.

"आज शाळेत गेलीस?"

"दोनदा."

"कुणी सांगितलं?"

बाबाला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने मुंगीने त्याच्याकडे पाहिलं.

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मला लागली होती, म्हणून मी गेले."

एवढं बोलून ती खेळायला पळाली. दादा बराच वेळ दारातच बसून होता, आणि आम्ही कुणी त्याला उठवलं नाही.