काटोलपर्यंत काळा धूर

त्या शनिवारी गिरजानं नेहमीसारखा फडका धुतला. आमच्या जुन्या जीपला हवेचा एक डबा आहे, इंजिन त्यातून श्वास घेते. प्रताप नगरात तेव्हा जिकडेतिकडे घरं बांधणं सुरू होतं, धूळ बेसुमार. म्हणून माझी बायको आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्या डब्याच्या तोंडाला बांधायची आणि दर शनिवारी सोडून धुवायची. मग मी गाडी सुरू करायचो, ती मागे उभी राहून धुराचा रंग ओरडून सांगायची. त्या दिवशी ओरडली, "साफ हाये!" मंगळवारी तिला ताप आला. गुरुवारी गेली.

पुढच्या अडीच महिन्यांत गाडी काळा धूर ओकायला लागली. शेजारच्या कमलाबाईचं पापडाचं वाळवण काळं झालं. "भाऊ, तुमच्या गाडीनं माहे पापड चुलीआधीच भाजले," ती म्हणाली. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका."

गिरजाला फाल्गुनात तिच्या बहिणीकडे, काटोलला न्यायचं मी कबूल केलं होतं, संत्र्याच्या तोडणीला. मी पोराला म्हटलं, "काटोलले जाऊन येतो. रस्त्यात बंद पडली तर दे भंगारात. नाही पडली तर तोंड बंद ठेव."

मी चौथी शिकलेला माणूस, पण तीस वर्षं गाडी हाकली आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त नि हवा कमी. प्लग काढून पाहिले. विटकरी रंगाचे असले तर इंजिनाचं पोट ठीक. हे तर काजळीनं माखलेले. घासले. कार्बोरेटर (पेट्रोल नि हवा मिसळायचं भांडं) उघडून धुतलं. एवढं करून सकाळी निघालो, नि मन इतकं हलकं झालं की काटोल नाक्यापर्यंत मी शीळ घालत होतो. वय सत्तर, बायको गेलेली, नि शीळ! लाज वाटली. मग पुन्हा घातली.

धूर मागून निघतो, मी पुढे बसतो. पाहणार कोण? नाक्यावर तर्रीपोहे खाल्ले (तर्री म्हणजे पोह्यावर ओतायचा तिखटजाळ रस्सा) आणि पोहेवाल्याला मागे उभं केलं.

"कोणता रंग गा?"

"कढईच्या बुडाचा. गाडी दूर घ्या, बाबा, गिऱ्हाईक पळून राह्यलं!"

पुढे रेल्वे फाटक बंद होतं. बकऱ्या घेऊन एक म्हातारी उभी होती, तिला विचारलं. ती खोकली, डोळे पुसले नि म्हणाली, "हा धूर नोहे, काजळ हाये. डबीभर दे मले, नातीले लावतो." मी इतका हसलो की फाटक उघडल्याचं कळलं नाही. मागच्या ट्रकवाल्यानं हिंदीत माझ्या खानदानाची चौकशी केली.

कळमेश्वर मागे पडलं नि एका चढावर गाडीनं दोन गचके दिले. उभी राहिली ती बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. मागून काटोलची बस आली, तिलाही थांबावं लागलं. दहा-बारा शेतकरी खाली उतरले.

"बंद पडली का गा?"

"नाही!" मी ओरडलो, आणि पोराशी लावलेली अट सांगितली.

पागोट्यातल्या एका म्हाताऱ्यानं गाडीभोवती चक्कर मारली. "मंग बंद कुठं पडली? दम घेऊन राह्यली. लावा रे हात!"

त्यांनी ढकललं. इंजिन खोकललं, सुरू झालं, नि मागच्या सगळ्यांवर एक काळा ढग बसला. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, सगळं एका रंगाचं. दातच काय ते पांढरे. बसमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कंडक्टर म्हणाला, "पोरगं ऐकलं नाही तर साक्षीले बोलवा मले."

काटोलला पोचलो. वावरात (शेतात) झाडाखाली संत्र्यांच्या राशी होत्या. गिरजाची धाकटी बहीण शेवंता धावत आली. तिनं आधी माझ्या शेजारची सीट पाहिली, मग मला. भाकर नि वांग्याची भाजी वाढली. जेवण झाल्यावर मी तिलाही मागे उभं केलं. बहिणीच्याच आवाजात ती ओरडली, "काळा!" मग पुढे आली.

"काहून जी भाऊजी, गिरजाबाईचा फडका कोण धुते आता?"

मी बोनेट उघडलं. फडका तव्यासारखा काळा, टणक. रोज डोळ्यांसमोर होता. पण फडका धुण्यातला, गाडीतला नव्हे, असंच माझ्या डोक्यात होतं. मी प्लग घासले, कार्बोरेटर धुतलं, आणि ते बिचारं इंजिन अडीच महिने लुगड्याच्या आडून श्वास मागत होतं!

"कातर आणू का?" शेवंतानं विचारलं.

"नाही." गाठ गिरजानं बांधली होती. नखानं सुटेना, मग दातानं सोडली. तोंडात पेट्रोल, धूळ, नि समोर शेवंता हसता हसता डोळे पुसत होती.

परतताना फडका खिशात आणि संत्र्याचं टोपलं गिरजाच्या सीटवर. वळणावर टोपलं माझ्याकडे कलायचं, मी म्हणायचो, "सरळ बस वं." तो चढ गाडीनं पळत घेतला. घरी पोरानं विचारलं, "बंद पडली का?" म्हटलं, "दम घेतला. साक्षीले कंडक्टर हाये." तीस वर्षं मला वाटलं, गाडी मीच चालवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडका धुतला. तीन पाणी काळी गेली, चौथ्यात लुगड्याचा हिरवा रंग दिसला. वाळवून बांधला. गाडी सुरू केली, तशीच सुरू ठेवली नि धावत मागे गेलो. पाहिलं. गाडीत कोणी नव्हतं, तरी ओरडलो, "साफ हाये!"

कुंपणापलीकडून कमलाबाई म्हणाली, "मंग पापड घालू का, भाऊ?"

"घाल," म्हटलं.