अज्जांनी न दिलेला शब्द

माझे अज्जा, म्हणजे बाबांचे बाबा संताजीराव, गेली दोन वर्षं एक मिलिंग मशीन निवडत होते. एवढ्या वेळात लोक मुलीचं स्थळ बघतात, लग्न लावतात आणि बाळंतपणाला माहेरी आणतात. अज्जा अजून टेबल किती लांब असावं यावरच होते.

मिलिंग मशीन म्हणजे लोखंड कोरणारं यंत्र. वर गरगर फिरणारं कटर, खाली टेबल, आणि ते टेबल इकडेतिकडे सरकवायला हाताने फिरवायची चाकं. मैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात अज्जांनी चौतीस वर्षं ही चाकं फिरवली. आमच्या खानदानात बाकी सगळे मैसूरच्या गल्ल्यांतून ब्लाउज-पँट शिवणारे, त्यामुळे अज्जांना नातेवाईक ‘लोखंडाचा शिंपी’ म्हणतात. रिटायर झाल्यावर त्यांना घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं मशीन हवं होतं. हौस होतीच, पण एक कामही होतं. अज्जीच्या जुन्या शिवणयंत्रातली कापड पुढे ढकलणारी दातेरी पट्टी झिजली होती आणि तसली पट्टी आता बाजारात मिळत नव्हती.

“नवीन मशीन घे की, अम्मा,” बाबा म्हणाले.

“तुझ्या अप्पांचे चार दात पडले,” अज्जी म्हणाली, “तेव्हा मी नवीन अप्पा घेतले का?”

तर पट्टी अज्जा स्वतः बनवणार होते. मशीन निवडून झालं की.

आता माझ्याबद्दल. मी अन्विता, पीयूसी पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी. मला चौदा आवाज काढता येतात. कॉलेजच्या प्रिन्सिपल मॅडम, सिटी बसचा कंडक्टर, समोरच्या शांताक्का आणि त्यांचा मिक्सरसुद्धा. मला ही दैवी देणगी वाटते. आईला वाटतं की गणितात पंचेचाळीस का पडले, त्याचं हे कारण आहे. माझा सगळ्यात अस्सल नग म्हणजे अज्जा. आधी दोनदा खाकरायचं. मग “नोडू”, म्हणजे कन्नडमध्ये ‘बघ’, म्हणायचं. मग गप्प बसायचं, इतका वेळ की समोरच्याला वाटावं लाइन कट झाली. आणि शेवटी, “हां, ते तसं आहे, अल्लवा?” अल्लवा म्हणजे ‘नाही का’; पण काय कसं आहे, ते अज्जा कधीच सांगत नाहीत.

मैसूरच्याच हेब्बाळ भागात चिदंबर म्हणून एकजण जुनी मशीनं विकतात. दोन वर्षं अज्जा त्यांच्याशी फोनवर वरीलप्रमाणे बोलत होते. या महिन्यात त्यांच्या शेडमध्ये घरात मावतील अशी दोन मशीनं आली होती. एक हिरवं, नवा रंग मारलेलं, वर लाल आकडे दाखवणारी डिजिटल पाटी. दुसरं राखाडी, ठिकठिकाणी रंग उडालेलं, एक चाक मूळचं आणि एक कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचं. अज्जा एकदा बघून, मापं घेऊन आले होते. अज्जीने त्या मापांवरून वर्तमानपत्राचे दोन फर्मे कापले, ब्लाउजचे कापते तसेच, चारी बाजूंनी माया, म्हणजे जादा जागा, ठेवून. “तुमचं कोपर फिरायला जागा नको?” मग दोन आठवडे अज्जा खोलीत एकदा हा फर्मा पसरत, एकदा तो, आणि मध्ये उभे राहून हवेत चाक फिरवत.

मला विचाराल तर हिरवंच. माझा अभ्यास एवढाच की त्यावर लाल आकडे होते.

गुरुवारी संध्याकाळी अज्जा विठ्ठलाच्या देवळात भजनाला गेले आणि फोन चार्जिंगला राहिला. चिदंबरांचा कॉल आला. मी उचलला. ‘अज्जा घरात नाहीत’ हे तीन शब्द मला माझ्या आवाजात बोलता आले असते. मी दोनदा खाकरले.

“सार, हिरव्याला दुसरी पार्टी आली आहे,” चिदंबर म्हणाले. “तुम्हाला हवं असेल तर त्यांना परत पाठवतो. काय करू?”

“नोडू,” मी म्हणाले, आणि गप्प बसले. काय सुंदर गप्प बसले होते मी. पलीकडे चिदंबरांचा श्वास ऐकू येत होता.

“सार, फिक्स करू?”

“हां,” मी म्हणाले, “ते तसं आहे, अल्लवा?”

“थँक्यू सार,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन वर्षांत अज्जांना जमलं नाही ते मी दोन मिनिटांत करून दाखवलं. आरशासमोर जाऊन मी वाकून नमस्कारही केला. मग शांताक्कांची अमूल्या खेळायला बोलवायला आली आणि मी ते विसरून गेले. खरंच विसरले. पुढचं वाचून तुम्हाला हे पटणार नाही, पण मी इतकी बिनडोक आहे.

रविवारी आम्ही तिघं हेब्बाळला गेलो. अज्जीच्या पिशवीत दोन्ही फर्मे होते. अज्जांनी हिरव्याचं चाक थोडं उजवीकडे फिरवलं, थोडं डावीकडे. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. “दोन्हीकडे घट्ट, मध्ये सैल,” ते पुटपुटले. “वर्षानुवर्षं मधल्या भागावरच काम झालंय. हे झिजलंय.”

अज्जी तोवर मशीनच्या खाली वाकली होती. तिच्या हातात कुठलाही शिवलेला कपडा द्या, ती आधी तो उलटा करते. पुढून सगळेच चांगलं शिवतात, असं तिचं म्हणणं.

“अहो, इथे रंग जाड का आहे?” खालून आवाज आला. अज्जांनी नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, आत बुजवलेली भेग होती.

राखाडी मशीनपाशी अज्जा फार बोलले नाहीत. चाक फिरवलं आणि हात तसाच चाकावर ठेवला. आमच्या घरात लग्नं यापेक्षा कमी वेळात ठरतात, पण या वेळी माणूस खरंच ठरवून उभा होता. “चिदंबर, हे घेतो.”

चिदंबर गोंधळले. “सार, हिरवं फिक्स म्हणून नीवे हेळिद्रि अल्वा? तुम्हीच म्हणालात ना, गुरुवारी? मी त्या पार्टीला परत पाठवलं.”

“मी?”

चिदंबरांनी कॉल दाखवला. अज्जांनी आपला फोन काढून पाहिला. त्यातही होता. गुरुवार, सहा चाळीस, दोन मिनिटं.

अज्जा फोनकडे बघत राहिले. हे त्यांचं नेहमीचं गप्प बसणं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला “आपण कुठले?” विचारायचे. तेव्हापासून अज्जा चष्मा जरी सापडला नाही तरी घाबरतात. आम्हाला सांगत नाहीत, पण सगळ्यांना माहीत आहे.

“दिला असेन शब्द,” ते म्हणाले. “मग हिरवंच.”

“अहो, पण भेग...”

“शब्द दिलाय, सरस्वती. मला आठवत नाही, ही माझी चूक.”

चौदा आवाज येणाऱ्या माझ्या तोंडातून त्या वेळी एकही निघेना. शेवटी जो निघाला तो उंदराचा असावा. “अज्जा, ती मी होते.”

“पुट्टम्मा, पोरी,” चिदंबर समजावू लागले, “अज्जांना वाचवायला असं बोलू नये. दोन वर्षं बोलतोय मी सारांशी. आवाज ओळखत नाही का?”

“खोटं नको बोलूस, बाळ,” अज्जाही म्हणाले. खाली बघून.

म्हणजे आता करून दाखवणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कार्यक्रम करायचा नव्हता. मी दोनदा खाकरले. “नोडू,” म्हणाले. मग गप्प बसले. शेडमध्ये कुठेतरी पाणी ठिबकत होतं. “हां, ते तसं आहे, अल्लवा?”

चिदंबर एका खोक्यावर बसले आणि तोंडावर रुमाल धरून हसू लागले. अज्जा हसले नाहीत.

“परत कर.”

मी परत केलं.

“एवढा वेळ घेतो मी?” त्यांनी अज्जीला विचारलं.

“याच्या दुप्पट. पोरगी तुमची लाज राखतेय.”

अज्जांनी मोठा श्वास सोडला आणि तेही खोक्यावर टेकले. थोड्या वेळाने दोनदा खाकरले. चिदंबर पुन्हा रुमालात गेले.

शिक्षा अज्जांनी तिथेच दिली. हिरव्याच्या त्या पार्टीला मी फोन करायचा, माझ्या आवाजात, आणि मशीन मोकळं झालंय असं सांगायचं. “आणि भेगेचंही सांग,” अज्जा म्हणाले. चिदंबरांचं हसू तेवढं थांबलं. पार्टीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मस्करी करतेस ना? कुठल्या शाळेतून बोलतेस?”

राखाडी मशीन आता मागच्या खोलीत आहे, फर्म्यावर बरोबर बसलेलं, कोपराची माया सोडून. अज्जांनी त्यावर केलेल्या पहिल्या पट्टीने कापड तिरकं नेलं. अज्जी म्हणाली, घराण्याला शोभेल अशी आहे. दुसरी नीट बसली.

फक्त एक अडचण उरलीय. मागच्या आठवड्यात अज्जांना एक कटर हवं होतं. त्यांनी चिदंबरांना फोन लावला, दोनदा खाकरले आणि म्हणाले, “नोडू...”

“अन्विता,” चिदंबर म्हणाले, “अज्जांना फोन दे.”

“मी संताजीरावच बोलतोय.”

“आणखी चांगलं जमायला लागलंय तुला,” चिदंबर म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून हेब्बाळचे सगळे फोन मला करावे लागतात, माझ्या त्या उंदराच्या आवाजात. अज्जा शेजारी उभे राहून नुसते गप्प बसतात. ते अजून मला त्यांच्याइतकं जमत नाही.