वैशालीची लाट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी मुद्दाम मोठ्ठी जांभई द्यायचे. कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'ची प्रॅक्टिकल्स घ्यायचे ना, तेव्हाची गोष्ट. केस रंगवून काळे, साडीला कडक स्टार्च आणि डोक्यात त्याहून कडक हवा! जे खरं आहे ते स्कोपच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दिसतंच — असं ही बया पोरांना ठासून सांगायची.

पहिल्या दिवशी माझा एक ठरलेला खेळ असे. स्कोपच्या प्रोबला, म्हणजे त्याच्या वायरच्या टोकाला, नुसतं बोट लावायचं. भिंतीतल्या वायरिंगची कुजबुज आपलं शरीर अँटेनासारखं टिपतं आणि पडद्यावर लाट उमटते. प्रत्येकाची उमटते.

त्या दुपारी कडाव गावच्या वैशालीने बोट लावलं... सरळ रेघ.

"काय गं, जिवंत आहेस ना?" मी म्हटलं. लॅब खिदळली.

प्रोब बदलला, स्कोप बदलला, तिला प्लास्टिकच्या स्टुलावर उभं केलं. रेघ हलेना. बाकीच्यांच्या लाटा व्यवस्थित. हळूहळू हसणं थांबलं. पोरीचे ओठ पांढरे पडले.

"मॅडम, माझं कायच येत नाय... मी हाय ना?"

"वेडी कुठली!" मी माझं बोट लावलं. भरघोस लाट! "बघ. आता माझा दुसरा हात धर."

तिने धरला. आणि बांध फोडल्यावर खाचरातलं पाणी उतरावं, तशी माझी लाट उतरत गेली... पार सपाट झाली. मी हात हिसकून घेतला.

तिने भीतभीत पुन्हा बोट लावलं. लाट! रडतारडताच हसली. "आली मॅडम, आली! आता तुमी लावा."

मी लावलं. सरळ रेघ.

"प्रोब लूज झालाय," मी थाप मारली आणि पोरांना लवकर सोडून दिलं.

निवृत्त होईपर्यंत दाराला कडी लावून कितीदा बोट लावलं... तीच रेघ. अर्थिंग तपासलं, वायरिंग तपासलं. डॉक्टरांचा ईसीजी म्हणतो, ठणठणीत! वैशालीही नोकरीत मजेत आहे. माझ्यातून तिच्यात काय गेलं, मला आजही सांगता येत नाही.

रस्ता ओलांडताना नात हात पुढे करते. "आजी, धर ना गं!"

"मी काय म्हातारी झाले?" म्हणत मी तुरुतुरु पुढे निघते. ती खो-खो हसते.

तिचा हात मी अजून एकदाही धरलेला नाही.