अनंतरावांचं न जुळलेलं गणित

बातमी आली तेव्हा मी इकडे परदेशात, रोटोटुना उपनगरातल्या आमच्या फार्मसीत औषधं काढत होते. माझ्या मैत्रिणीचा, सुनंदाचा फोन. "अगं, हे गेले." मग म्हणाली, "दुकान बंद करून ये, घाई नको…" आजार इतका लांबला होता की रडायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

तिचे यजमान अनंतराव पुण्याहून इकडे आले, जवळच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत इंजिनिअर होते, तिथेच रिटायर झाले. पण जीव अडकला होता डार्क मॅटरमध्ये. आकाशगंगेसारख्या दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात, म्हणून तिथे न दिसणारं द्रव्य असणार, असं शास्त्रज्ञ मानतात. अनंतरावांना ते पटत नसे. "वहिनी, टाकीतलं दूध जुळलं नाही तर आम्ही आधी मीटर तपासतो. अदृश्य दूध आहे, असं नाही म्हणत!" फार लांबच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो, हे त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं तीच गणितं. मराठी मंडळाच्या दिवाळीला सुनंदा एकटीच यायची… पुढेपुढे लोकांनी विचारायचंही सोडलं.

विद्यापीठांकडून उत्तरं येत नसत. हेलन नावाच्या एका संशोधक बाईंनी मात्र त्यांचं म्हणणं मनावर घेतलं. गेल्या हिवाळ्यात अनंतराव अंथरुणाला खिळले, तेव्हा त्या घरी आल्या. मी तिथेच होते. दीर्घिकांचे समूह एकमेकांवर आदळतात तिथे प्रकाश किती वाकतो, ते अनंतरावांच्या सूत्रातून निघत नव्हतं. अनंतराव बराच वेळ हेलनबाईंनी आणलेले आकडे बघत राहिले. "नाही जुळत," म्हणाले. "सोडा मग."

सुनंदाने मराठीतच विचारलं, "मग इतकी वर्षं गेली कशात?"

त्यांच्या मुलीने, ईशाने ते हेलनबाईंना इंग्रजीत सांगितलं, उत्तर ऐकलं आणि अडखळत म्हणाली, "आई, बाबा राँग आहेत हे दाखवायला हेलननी स्वतःचं सगळं परत चेक केलं. त्यात त्यांचीच एक मिस्टेक सापडली. असं कोणी विचारलं नाही तर सायंटिस्ट लोक… दे स्टॉप चेकिंग."

अनंतराव डोळे मिटून हसले. खूप दिवसांनी.

"त्यांना चूक सापडली," सुनंदा म्हणाली. "मला काय सापडलं?"

अनंतरावांनी हात पुढे केला. तिने तो धरला, पण मान दुसरीकडे वळवून.

परवा तिच्याकडे जेवायला गेले होते. डायनिंग टेबलभर कायम त्यांचे कागद पसरलेले असत, दोघं एका कोपऱ्यात दाटीने जेवत. ईशाने आता सगळं आवरलंय. एवढं मोठं टेबल, स्वच्छ, रिकामं… सुनंदाने आमची पानं वाढली ती त्याच कोपऱ्यात, कोपराला कोपर लागेल अशी.