बांदोलेरा

रेमेईच्या वडिलांचं खोगिरांचं दुकान चौकातच होतं. ते गेल्यावर आरी आणि मेणवलेला दोरा तिच्या हाती आला. डोंगरातल्या त्या कातालान गावातली खेचरं कमी होत गेली, तशी खोगिरंही. पण दर कार्निव्हलला दरोडेखोरांची जत्रा भरायची, आणि तेव्हा रेमेईला जेवायलाही फुरसत नसे. जुन्या काळच्या बांदोलेरांची, म्हणजे डोंगरातल्या लुटारूंची, सोंगं घेऊन पुरुष घोड्यांवरून चौकात घुसत. खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा आणि त्याला लोंबणाऱ्या, बंदुकीच्या एकेका बाराची दारू मावेल अशा लाकडी कुप्या, सगळं रेमेईच्या हातचं. त्या पट्ट्याचं नाव बांदोलेरा.

या नावावरून तिचं आणि शेजारच्या पाववाल्या इसिद्रेचं कायम वाजायचं.

"बांदा म्हणजे कापडाची पट्टी," इसिद्रे म्हणायचा. "तीच खांद्यावरून घेतली की झाली बांदोलेरा."

"काहीतरीच! बांदोलेर घालायचे म्हणून बांदोलेरा."

"मग सैनिक कशाला घालत होते गं?"

"त्यांनी लुटारूंकडून नावासकट चोरली!"

त्या वर्षी ऐन मिरवणुकीच्या तोंडावर ओलेगेर नावाच्या स्वाराचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी सॉसेजवर जरा जास्तच ताव मारला होता त्याने. त्याचा पट्टाही अजून रेमेईकडेच होता. जत्रेची सूत्रं इसिद्रेकडे. त्याने चौकातून हाक मारली, "रेमेई, एक बांदोलेरा कमी पडतेय!"

ओलेगेरच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं म्हणून त्याला पट्टा हवा होता. पण त्यांच्या भाषेत लुटारू बाईलाही बांदोलेराच म्हणतात. रेमेई लांबी बघायला तोच पट्टा अंगावर चढवून बसली होती. साठी उलटलेली बाई तशीच दारात आली.

"कमी कुठे? ही काय उभी आहे!"

चौक खो खो हसला. जत्रेत बायकांनी आजवर सज्जात उभं राहून किंचाळायचं एवढंच काम केलेलं.

"पडशील गं!" इसिद्रे म्हणाला.

"लहानपणापासून बाबांची खोगिरं कोण बसून बघायचं रे?"

ओलेगेरच्या घोड्याचा लगाम हातात घेऊन ती एका दमात वर चढली. घोडा उधळला नाही, उधळली ती रेमेई. सगळ्यांच्या पुढे जाऊन तिने पहिली धाड घातली ती इसिद्रेच्याच दुकानावर, आणि साखर भुरभुरवलेल्या पोळ्यांची अख्खी परात लुटली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इसिद्रे मागून ओरडत होता, "निदान परात तरी परत आण!"

दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडायच्या आधीच पाच-सहा बायका दारात उभ्या होत्या, आपापलं माप द्यायला.