प्लास्टरमधलं लुगडं

लुगडं मी मागितलं आणि आत्याने लगेच दिलं. माहेरच्या पोरीला नाही म्हणणं तिला जमत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आत्या मोरिवलीला दिलेली. आमच्या आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणणारी ती धवलारीण. ते हिरव्या चौकड्यांचं लुगडं माझ्या आजीचं. आजी ते नेसूनच धवले म्हणायची, आणि तिच्या माघारी आत्याही.

मी फॅशन शिकले, पण गिऱ्हाइकांचे कपडे शिवण्यात मन रमेना. मला कपड्यांची शिल्पं करायची होती. आत बाई नाही, फक्त तिचं नेसणं उभं राहिलेलं. अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या खोलीवर आत्याने दुकानातल्या पुतळ्याला लुगडं नेसवलं, मनासारखा होईपर्यंत कासोटा सोडून सोडून पुन्हा खोचला. मी प्लास्टर कालवत होते.

"धुतल्यावर निघंल ना गं?" तिने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. निघणार नाही हे मला माहीत होतं.

लुगड्यावर चढवलेलं प्लास्टर सुकल्यावर मी मागून चीर देऊन पुतळा बाहेर काढला. पोकळ लुगडं जागच्या जागी उभं राहिलं. प्रदर्शनात लोक म्हणाले, मी परंपरा जपली. मीही निर्लज्जासारखी मान डोलावली.

मग भावाचं लग्न ठरलं आणि आत्याचा निरोप आला, धवले दुसऱ्या कुणाला सांगा. मी उल्हासनगरचा बाजार पालथा घातला. जो तो शिवलेली, चेन लावलेली नऊवारी पुढे करत होता. शेवटी एक सुती लुगडं मिळालं, ते घेऊन मी मोरिवली गाठली. तिने त्यावरून हात फिरवला आणि घडी न मोडता परत दिलं. मला रडू फुटलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"रडू नको," ती म्हणाली. "त्या उभ्या लुगड्यालाच मांडवात आन. मी बाजूला उभी ऱ्हाईन."

हळदीला आम्ही ते टेम्पोत गादीवर निजवून हेंद्रेपाड्याला, आमच्या घरी, आणलं. डीजे बंद केला. सहावारी साडीतली आत्या त्याच्या शेजारी उभी राहिली, कडक पदर धरला आणि गायला लागली. पाहुणे लुगड्याचे फोटो काढत होते. हे कुणी बनवलं, असं एकजण कौतुकाने विचारत होता.

माझी नजर आत्याच्या अंगठ्यावर होती. तो पदराच्या काठावरून फिरत होता आणि प्लास्टरचा टवका तर उडत नाही ना, एवढंच मी बघत होते.

गाणं संपल्यावर तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, आजीसारखं जमलं का. मी हो म्हटलं. एक ओळही मी ऐकली नव्हती.