सूपवालीची ओटी

जिच्या कृपेने वाणी स्फुरते त्या श्रीशारदेला आणि सर्वारंभी पूजिल्या जाणाऱ्या श्रीगजाननाला वंदन करून, सन २०१७ च्या चैत्रात आमच्या डहाणूच्या घरी जी एक ओटी भरली गेली, तिची हकीकत लिहायला बसलो आहे. ती ओटी कोणत्या देवतेची होती, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, वडिलांकडून आलेली शंकराच्या देवळातली पूजा सांभाळली, कितीतरी घरांत संकल्प सांगितले. एवढे होऊनही एका साध्या प्रश्नापाशी अडखळलो, म्हणून हे लिहिणे.

प्रकरण सुरू झाले ते पत्नीच्या गळ्यापासून. त्या माघात तिचा आवाज घोगरा होऊ लागला. ज्येष्ठमध झाले, हळददूध झाले. शेवटी वापीच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ दाखवली आणि ती काढावी लागेल असे सांगितले. आवाजाची नस त्या गाठीला अगदी लागून जाते, आम्ही जपून करू, पण आवाज पूर्वीसारखाच राहील अशी हमी देता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. परतीच्या वाटेवर तलासरी मागे पडल्यावर ती म्हणाली,

"अहो, माझा एक नवस राहिलाय. तो फेडल्याशिवाय मी गळ्याला हात लावू देणार नाही."

"कुणाचा नवस?"

"देवीचा. बाय बोलेनाशी झाली होती, तेव्हा बोलले होते."

बाय म्हणजे आमची एकुलती मुलगी. ती सहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण पोर बोलेना. मुंबईला दाखवले, गळ्यात काही दोष निघाला नाही. दीड महिना ती खुणा करीत राहिली आणि मग एका रविवारी सकाळी आपण होऊन बोलू लागली. त्या काळात मी सरस्वतीचे अनुष्ठान मांडले होते. खरे सांगायचे तर, मुलीच्या बोलण्याचे श्रेय मी मनोमन त्या अनुष्ठानाला देऊन मोकळा झालो होतो. नवसाचे मला ठाऊकच नव्हते.

"कोणत्या देवीचा?" मी विचारले.

"ते तुम्ही सांगायचं. शास्त्री तुम्ही. रविवारी टीव्हीवर यायची ना, ती. वडाखाली बसलेली. तोंड चुन्यासारखं पांढरं, कपाळावर एवढं कुंकू, मांडीवर सूप. मागं मडक्यांची उतरंड."

त्या वर्षांत रविवारी सकाळी दूरदर्शनवर पौराणिक मालिका लागत असे आणि लोक आंघोळ करून, वहाणा बाहेर काढून तिच्यासमोर बसत. गल्लीत टीव्ही आमच्याच घरी होता. पत्नी त्याला हार घालून समोर निरांजन लावी. मुंबईचा प्रक्षेपणाचा मनोरा लांब. छपरावर बांबूला बांधलेला अँटेना फिरवून फिरवून चित्र धरावे लागे, आणि धरले तरी ते समुद्रावरच्या धुक्यातून पाहिल्यासारखे दिसे. म्हणून ती बरीच आधी सगळी तयारी करून बसे. मी त्या वेळी देवळात अभिषेकात असायचो आणि मुख्य मालिका सुरू होता होता घरी पोहोचायचो. त्याआधी पडद्यावर काय येई, हे मी कधी पाहिले नाही. पत्नी गुजरातच्या सीमेवरल्या वेवजीची. माहेरी अर्धी गुजराती, अर्धी मराठी; हिंदी तेव्हा तिला बाजारापुरतीच कळे. कीर्तनाआधी मंगलाचरण असते तसे देवाच्या आधी ही देवी येते, असा तिचा समज झाला. मी पाहिले असते तर माझा झाला नसता, असे म्हणण्याचे धैर्य मला नाही.

मी शोधाला लागलो. सूप म्हटल्यावर शीतला मनात आली. गाढवावर बसलेली, माथ्यावर सूप घेतलेली, हे तिचे ध्यान पत्नीला समजावून सांगितले.

"गाढव नव्हतं," ती म्हणाली.

"धुक्यात दिसलं नसेल."

"बायकांना देवी दिसते आणि गाढव दिसत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

महालक्ष्मीच्या यात्रेचे दिवस जवळ येत होते. मी सुचवले की आपल्या डहाणूची आई सर्वरूपिणी आहे, तिचीच ओटी भरू. त्यावर ती म्हणाली, "त्या आईची ओटी मी दर वर्षी भरते. एकीला बोललेलं दुसरीच्या पदरात टाकायचं, ही कुठली रीत? ती तरी घेईल का?" हे तिचे म्हणणे मला शास्त्राने खोडता आले नाही.

मग झरीच्या एका वृद्ध भगताकडे गेलो. त्याच्या पाड्यावरच्या लग्नांत घराच्या भिंतीवर देवीचा चौक चितारतात, तो लग्नघडीपर्यंत फडक्याने झाकून ठेवतात. अशा झाकलेल्या देवतांचे ज्ञान त्याला असावे, अशी आशा होती. त्याने सगळे ऐकून घेतले, विडी विझवली.

"गुरुजी, पांढरं तोंड नि मडकी? आमच्याकं नाय अशी. ती तुमच्याकडची असंल. पोथीत बगा."

"पोथीत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मंग ती कोनाचीच नाय," तो हसून म्हणाला, "नायतर दोगांची हाय."

फाल्गुनात ठरलेली शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेली होती. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितले की आता उशीर बरा नाही. पत्नीचे एकच पालुपद: आधी ओटी. शेवटी मी ठाण्याहून मुलीला बोलावून घेतले. तिला विचारले, "रविवारी टीव्हीवर सूप घेतलेली कुणी यायची, आठवते का?"

तिने आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. मग म्हणाली, "बाबा, वाडीत चला."

चिकूच्या झाडाखाली बाजेवर बसून तिने मोबाईल काढला. कुणीतरी जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून पौराणिक मालिकेच्या आधी लागणाऱ्या दुसऱ्या एका मालिकेचे काही भाग इंटरनेटवर टाकले होते. ती लहान मुलांसाठी केलेली, बाहुल्यांची, जादूची मालिका होती. "मी गेल्या वर्षीच शोधून काढलं," मुलगी म्हणाली. "पण एकटीनं बघायचा धीर झाला नाही." पस्तिशीची बाई, एका शाळेची मुख्याध्यापिका, हे बोलत होती.

आम्ही पाहू लागलो. मला वाटले होते, हसू येईल. कापडावर रंगवलेले रान होते, दोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. वडाखाली ती म्हातारी बसली होती. एक मूल वाट चुकून तिच्याजवळ येई आणि काही विचारी. त्याने उच्चारलेला शब्द दाण्यासारखा तिच्या सुपात पडे. ती सूप पाखडी, फोल उडवून लावी आणि उरलेला दाणा मडक्यात टाकून मडक्याचे तोंड फडक्याने बांधी. मग मूल तोंड उघडी आणि आवाज येत नसे. संगीत जवळजवळ नव्हतेच. फक्त पाखडण्याची सळसळ. मुलांसाठी असे का केले असेल, हे मला समजेना. बाहुलीच होती ती. एका बोटावरचा कागद सुटून लोंबत होता. तरीही तिने मान वळवून सरळ पडद्याबाहेर पाहिले, तेव्हा मी हातातला मोबाईल नकळत थोडा लांब धरला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ताप उतरला तेव्हाच मी बरी झाले होते. मला बोलता येत होतं. पण बोललं की शब्द तिच्या सुपात पडेल, असं वाटायचं. आणि आई तर तिच्याचपुढे दिवा लावायची. मला हात जोडायला लावायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिले. "कसं सांगणार? बोलायचंच तर नव्हतं."

मी खजील होऊन विचारले, "मग बोललीस कशी?"

"आईनं एका रविवारी तिला मोठ्यानं सांगितलं, माझ्या बायला बोलू दे, तुझी ओटी भरीन. मला वाटलं, झालं, आईनं हिच्याशी बोलणी केली. आता ही माझ्या वाटेला जाणार नाही. म्हणून बोलले."

माझ्या मनाची त्या क्षणी जी अवस्था झाली, ती नीट मांडता येईल असे वाटत नाही. नवस फळला होता, हे निःसंशय. पण जिला बोलला ती देवता नव्हती. आणि जिने मुलीचे बोलणे थांबवले, तीच ते परत देणारी ठरली होती. ती केवळ कापड आणि कागद असेल, तर पत्नीचा शब्द कुणी ऐकला? परमेश्वराने ऐकला म्हणावे, तर त्याने तो फळवण्यासाठी तिचेच तोंड का वापरले? माझे अनुष्ठान त्याच दिवसांत शेजारच्या खोलीत मांडलेले होते. आणि याहून जवळचा प्रश्न: गळ्यावर सुरी चालायच्या आधी पत्नीला हे सांगायचे कसे, की तू जिच्याकडे आवाज मागितलास ती आवाज चोरणारी आहे? सांगितले तर ती भिऊन कायमची नकार देईल. न सांगितले तर देवी सापडणार नाही आणि शस्त्रक्रिया होणार नाही.

विचार पुरा व्हायच्या आत पत्नी चहा घेऊन मागे उभी राहिली. मुलीने घाईने आवाज बंद केला, पण चित्र चालूच राहिले. पत्नीने पेले बाजेवर ठेवले आणि पदर सावरून हात जोडले.

"अहो, हीच. हीच ती. किती स्वच्छ दिसतेय आता!"

दुसऱ्या दिवशी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. सकाळीच तिने पाट मांडला, भोवती रांगोळी घातली आणि म्हातारीवर चित्र थांबवलेला मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, वर वाडीतले पाच चिकू. पडदा दर थोड्या वेळाने काळा होई. मुलगी बोट लावून तो पुन्हा उजळवी. "सारखी झोपते काय गं ही?" पत्नी म्हणाली. "वय झालं असेल तिचंही."

मी आसनावर बसलो. आचमन केले. देश, काल, गोत्र उच्चारले आणि जिच्या प्रीतीसाठी हे कर्म, तिचे नाव घ्यायच्या जागी आलो. तिथे थांबलो. हातातले पाणी बोटांतून ठिबकत होते. शीतला म्हणणे असत्य होते. महालक्ष्मी म्हणणे म्हणजे पत्नीने जे नाकारले तेच चोरून करणे. यजमानाच्या हातून असत्य संकल्प कधी सोडवला नव्हता. आणि इथे यजमान ती होती.

"काय झालं?" तिने विचारले.

मी संकल्प अर्धवट ठेवून पाणी ताम्हनात ओतून टाकले आणि तिला सगळे सांगितले. ही देवी नाही, मुलांच्या खेळातली बाहुली आहे. ही आवाज देत नाही, चोरते. बाय हिलाच भिऊन गप्प बसली होती. मुलीने मान खाली घातली. मी वाट पाहत होतो, पत्नी आता रडेल.

ती पडद्यावरून नजर काढून मुलीकडे वळली. "आणि मी तुला हिच्याच पाया पडायला लावत होते? बाय गं." तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. नंतर माझ्याकडे पाहून म्हणाली, "मग तर ओटी हिचीच भरायला हवी. देणारीची समजूत घालता येते, ती आई असते. नेणारीला दिलेला शब्द मोडून कसं चालेल?"

"पण संकल्पात नाव काय घेऊ?"

"मी कुठं घेतलं होतं? नुसतं 'तुझी' म्हटलं होतं. तुम्हीही तेवढंच म्हणा."

मी पुन्हा पाणी घेतले आणि जन्मात प्रथमच नावाची जागा मोकळी ठेवून संकल्प सोडला. पत्नीने हळदीकुंकवाचे बोट पुढे नेले.

"आई, काचेला नको!" मुलगी ओरडली. पण बोट लागले होते, आणि त्या स्पर्शाने थांबलेले चित्र चालू झाले. सूपवालीने मान वळवून आमच्याकडे पाहिले.

"घेतलं बघ," पत्नी म्हणाली. आणि ती ओटी तिने उचलून मुलीच्या पदरात घातली. "आवाज बायचा होता, तर ओटीही बायकडेच राहू दे."

वैशाखात शस्त्रक्रिया झाली. आठवडाभर ती खुणांनी बोलली, आणि प्रत्येक खुणेला मला माझी सहा वर्षांची मुलगी दिसे. मग एका सकाळी तिने पाणी मागितले. आवाज आला, पण पूर्वीचा नव्हता. जाड, खाली उतरलेला. ठाण्याहून फोन आला तेव्हा मुलीने विचारले, "कोण बोलतंय?" पत्नी म्हणाली, "मीच गं. पाखडून मिळालाय."

त्यानंतर मी त्या मालिकेचे सापडतील तेवढे भाग पाहिले. शेवटचा भाग कुणाकडेच नाही. म्हातारीने मडकी सोडली का, मुलांना आवाज परत मिळाले का, मुलीला आठवत नाही. पत्नीला विचारले तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिले असतील. नाहीतर एवढी पोरं आज बोलतायत कशी?" मी यावर पुष्कळ विचार केला आहे. हे उत्तर आहे की नाही, तेही मला कळलेले नाही. रोजच्या पूजेत सर्व देवतांची नावे घेऊन झाल्यावर मी आता क्षणभर थांबतो आणि एक फूल नाव न घेता वाहतो.

हे वाचणाऱ्या तुम्हां सर्वांच्या घरी लेकरांचा गलका कधी न थांबो. थोरांचा कंठ शाबूत राहो. आणि भयाने गप्प बसलेले कुणी घरात असेल, तर त्याला बोलते करणारा शब्द, तो कोणत्याही मार्गाने येवो, वेळेवर येवो. इति शुभं भवतु.